व्हेल्मा, माझा कोट कुठाय

मेम्फिस,
९ मार्च १९९७

चि. लेथन यास,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला दातओठ खाऊन. वि. वि.

दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कुणा परक्याने उचलला आणि सांगितलं, की ग्रॅव्हल स्टुडिओत आहे, निरोप असेल तर ठेवा. मी म्हटलं, मला ग्रॅव्हल नकोय, लेथन टगल हवाय. तर म्हणाला, असं कुणी इथे राहत नाही. म्हणून पत्र लिहितेय. ग्रॅव्हल म्हणजे खडी, बाबा. रस्त्यावर टाकतात ती. लहानपणी छातीत कफ होऊन तुझा आवाज असा झाला, तेव्हा रात्ररात्र तुझ्या छातीला तेल कोण चोळत होतं, ते तुला आठवतं का?

मंगळवारी शाळा सुटल्यावर शाळेची बस घेऊन पार्क अव्हेन्यूवरून निघाले होते. मागे तिसरीतली पोरं एका तालात बाक बडवत होती आणि ओरडत होती, व्हेल्मा, माझा कोट कुठाय, व्हेल्मा, माझा कोट कुठाय. मला हसू आलं. वाटलं, तुझ्या आईचंच नाव, नावात नाव. मग पुढची ओळ आली, की व्हेल्माने कोट विकून क्रॅक ओढला आणि मला लाँड्रीत टाकून ती निघून गेली. सगळ्या ऑरेंज माउंड वस्तीत लाँड्रीत काम करणारी व्हेल्मा एकच होती. मी बस कडेला घेतली. पुढच्या सीटवरच्या दोन वेण्यांच्या पोरीला विचारलं, हे गाणं कुणाचं. ती फुशारकीने म्हणाली, ग्रॅव्हलचं, तो आपल्याच वस्तीतला आहे, त्याची आई नशेबाज होती. मी त्याची मावशी आहे, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. मला लाज वाटली. ही लाज तू मला दिलीस.

न ऐकता शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही. रॅपची पहिली कॅसेट तुझ्या हातात मीच ठेवली होती, तेव्हा तुझी आई चर्चच्या गाण्यांपलीकडे काही लावत नव्हती. बसमध्ये पोरांकडून जप्त केलेल्या टेपा मी शुक्रवारी परत देते, पण त्याआधी घरी नेऊन ऐकते. त्यामुळे शहरात काय वाजतंय ते तुझ्या रेकॉर्ड कंपनीतल्या साहेबांइतकंच मला कळतं. तर माझं मत ऐक.

तुझी पहिली मिक्सटेप, 'पार्क अव्हेन्यूची सुट्टी', अजून माझ्या बसमध्ये आहे. रेकॉर्डिंग असं, की पिंपात बसून बोलतोयस. पण उन्हात बास्केटबॉलच्या रांगेत उभी असलेली पोरं, रस्त्यावरचा पाण्याचा नळ फोडल्यावरची बोंबाबोंब, न्हाव्याच्या दुकानातली ती कधीच न मिटणारी भांडणं, हे सगळं त्यात जिवंत होतं. दुसरी, 'बँक बंद', मला तितकी आवडली नाही. सगळा दरोडा, सगळ्या बंदुका. पण मजा होती, सिनेमा बघितल्यासारखं वाटलं. आणि आता हा कंपनीचा चकचकीत अल्बम, 'कुणाचाच नाही'. ढोल उत्तम. आवाज असा, की काच थरथरते. आणि ते कोटाचं गाणं अख्ख्या अल्बममध्ये सगळ्यांत चांगलं आहे. माझा जळफळाट त्याचाच आहे. वाईट गाणं असतं तर चार दिवसांत मेलं असतं.

तुझ्या आईने अजून ऐकलेलं नाही. ऐकायच्या आत तू काय करणार आहेस ते कळव.

लोभ आहे. तो तुझ्या लायकीवर अवलंबून नाही, हे तुझं नशीब.

तुझी मावशी,
अर्नेस्टीन


अटलांटा,
२० मार्च १९९७

ती. मावशीस,

सा. न. आणि तुझ्या शिव्याही पोचल्या. वि. वि.

मावशी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं फिरलं. तू सगळ्यांच्या टेपा ऐकतेस असं म्हणतेस, मग रॅप म्हणजे काय हे तुला मी सांगायचं? ग्रॅव्हल वेगळा, लेथन वेगळा. ग्रॅव्हल हे सोंग आहे. 'बँक बंद'मध्ये मी बँक लुटली, पहारेकऱ्याला गोळी घातली, पळताना गाडी नदीत घातली. मला तर गाडीही नीट चालवता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तेव्हा तू पत्र लिहिलं नाहीस. उलट ख्रिसमसला सगळ्यांसमोर ती टेप लावलीस आणि हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं.

'पार्क अव्हेन्यूची सुट्टी' तुला आवडली, ठीक. पण ती घेऊन मी कुठेकुठे फिरलो ते तुला माहीत नाही. अटलांटात कंपनीचा एक माणूस ती ऐकून म्हणाला, गोड आहे. गोड. जसं काही मी चर्चच्या सहलीत केक वाटतोय. म्हणाला, तुझ्या आवाजात दुःख आहे, पण गाण्यात काहीच घडत नाही, तुझ्यावर काय गुदरलं ते सांग. माझ्यावर काय गुदरलं होतं, मावशी? बाप नव्हता, पण आई होती, तू होतीस, रोज गरम जेवण होतं. मी काय सांगणार होतो, की शाळेनंतर लाँड्रीत कपडे वाळवायच्या ड्रायरच्या उबेला बसून मी गृहपाठ करायचो? ते कुणाला ऐकायचंय? मग एके दिवशी बोलता बोलता कोटाची ओळ तोंडातून गेली आणि खोलीतले सगळे गप्प झाले. तो गप्पपणा कसा असतो ते तुला नाही कळायचं. त्याच्यासाठी मी सहा वर्षं घासतोय.

आई असली गाणी ऐकत नाही. चर्चमधलं कुणी ऐकत नाही. आणि ज्यांना कळायचं त्यांना कळतं, की हे गाणं आहे.

तुझा रुसवा लवकर जावो. इथे मला ओरडणारं कुणी नाही, हे खरंय, पण म्हणून सगळं ओरडणं एकाच पत्रात भरू नकोस.

तुझा,
लेथन


मेम्फिस,
१ एप्रिल १९९७

चि. लेथन यास,

आशीर्वाद पाकिटाच्या तळाशी आहेत, शोधून घे. वि. वि.

बँकेचं तू बरं काढलंस. बँक रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसून गात नाही. बँकेला शेजारी नसतात. तू लुटलेल्या बँकेला नाव नव्हतं. या गाण्यात नाव आहे, लाँड्री आहे, आपली गल्ली आहे. सोंग तुझं होतं ना, मग त्याला आई पण सोंगातली द्यायचीस. तोंड स्वतःचं रंगवलंस आणि काळं मात्र माझ्या बहिणीचं केलंस.

नाव घेणं मला कळत नाही असं समजू नकोस. दक्षिणेकडच्या त्या लेडी फॉन्टेनची 'माझा नंबर' नावाची टेप ऐकलीस का? ढोल भिकार आहे, एका बाजूला तर टेपच घरघरते. पण तिने घरमालकाचं नाव घेऊन त्याची सालटी काढलीय, की जानेवारीत त्याने इमारतीचं हीटर बंद ठेवलं आणि तिचं बाळ न्यूमोनियाने आजारी पडलं. ते खरं होतं. आणि टेप काढायच्या आधी ती त्याच्या दारात जाऊन हेच त्याला तोंडावर बोलून आली होती. तिचा राग मला बसमध्ये बसून भाजतो. तुझ्या गाण्यातला राग कुणावरचा आहे रे? तुझं कुणी काय वाईट केलं होतं? उत्तरेकडच्या त्या दोघा भावांची 'स्मशानातला वाढदिवस' घे. नुसती भुतं, नुसते सुरे. पोरं घाबरतात आणि खिदळतात, कुणाच्या आयुष्याला धक्का लागत नाही. न्यूयॉर्कच्या त्या रॅपरचा 'काचेचा जिना' माझ्या लेकीने, योलांडाने, पाठवला. शब्दांच्या इतक्या कोलांट्या, की शेवटी तो काय म्हणाला ते त्यालाही कळलं नसेल. तो कंटाळवाणा आहे, पण कंटाळवाणं असणं हा काही गुन्हा नाही.

आता इकडची बातमी. चर्चमधलं कुणी ऐकत नाही म्हणतोस. चर्चमधल्यांना पोरं आहेत. मागच्या आठवड्यात चर्चच्या तळघरातल्या पाळणाघरात, तुझी आई कामावर असताना, ग्रिसमांची सून तिच्या बाळाला न्यायला आली. बाळ तुझ्या आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. सुनेने ते तिच्या खांद्यावरून उचललं आणि दुसऱ्या दिवशी पाळणाघर चालवणाऱ्या पर्विसबाईंना सांगितलं, की माझ्या मुलाला व्हेल्माने घ्यायचं नाही. मग आणखी दोघींनी तेच सांगितलं. पर्विसबाईंनी तुझ्या आईला गोड बोलून स्वयंपाकघरात टाकलंय. अकरा वर्षं तिने त्या तळघरात लोकांची पोरं निजवली. आता ती सफरचंदं चिरते आणि पोरं रडली की तिला दारातून नुसतं ऐकावं लागतं.

तिला कारण कुणी सांगितलं नाही. तिने ते स्वतःच शोधलं. मॉलमधल्या दुकानात जाऊन तुझी सीडी मागितली. काउंटरवरच्या मुलाने तिला सांगितलं म्हणे, की आजी, हे तुमच्या ऐकण्यातलं नाही. ती म्हणाली, माझ्या ऐकण्यातलंच आहे. मग माझ्या गाडीत बसून तिने ते ऐकलं, मी शेजारी होते. गाणं संपलं तसं तिने बटण दाबून पुन्हा पहिल्यापासून लावलं. मला वाटलं रडेल. रडली नाही. तिने फक्त विचारलं, की हा पोरगा खरंच असं झालं असं समजतो का. त्याचं उत्तर तूच दे.

अर्नेस्टीनमावशी


अटलांटा,
१४ एप्रिल १९९७

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

पाळणाघराचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी आईला फोन केला. तिने उचलला, माझा आवाज ऐकला आणि हळूच ठेवून दिला. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

कंपनीत बोललो. गाणं मागे घेता येणार नाही म्हणतात, ते रेडिओवर चढलंय आणि आता त्याचा व्हिडिओ होणार आहे. आईच्या कामासाठी त्यांनी एक नटी ठरवलीय. मी विरोध केला, तर मला म्हणाले, की तुझ्या आईपेक्षा ही दिसायला बरीच वाईट आहे, काळजी करू नकोस. मी त्या माणसाच्या अंगावर गेलो, मावशी. दोघांनी मला धरलं.

वकिलाकडून मात्र मी एक काम करून घेतलंय. कंपनीच्या कागदावर पर्विसबाईंना पत्र जाईल, की गाण्यातली पात्रं काल्पनिक आहेत आणि कुणाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. त्याने फरक पडेल ना? आईला सांग, की मी काहीतरी करतोय.

तुझा,
लेथन


मेम्फिस,
१० मे १९९७

श्री. ग्रॅव्हल यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही, तरी पत्र लिहिते आहे, राग नसावा.

माझ्या बहिणीकडून समजलं, की तुम्ही आणि माझा मुलगा लेथन हे दोन वेगळे गृहस्थ आहात. ऐकून बरं वाटलं. तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझ्याविषयी खोटं बोलणारे परके लोक मी आयुष्यभर पाहिले आहेत. तुमच्या कंपनीचं पत्रही पाळणाघरात आलं. पर्विसबाईंनी ते मला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं आहे, की मी योगायोग आहे.

तुमचा अल्बम मी पूर्ण ऐकला. माझी बहीण म्हणते तसा तुमचा आवाज चांगला आहे. सातवं गाणं फार लांबलं आहे. शिव्या निम्म्या केल्यात तर उरलेल्या जास्त लागतील. कोटाच्या गाण्यात मात्र एक चूक आहे, ती तुम्हाला माहीत नसणार, म्हणून सांगते. लेथनचा कोट कुणी विकला नव्हता. तो लेथनच शाळेत विसरून आला आणि पुन्हा सापडला नाही. त्या हिवाळ्यात तो माझा कोट घालून शाळेत गेला. बाह्या मी आतून टाचून दिल्या होत्या. बायकी कोट घातला म्हणून पोरं त्याला चिडवायची, तेव्हा त्याने तीन पोरांना मारलं आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. मी हिवाळाभर कामाला स्वेटरवर गेले. एवढंच घडलं. तुमच्या गाण्याला हे पुरलं नसतं, हे मला समजतं.

उद्या मातृदिन आहे. लेथन तुम्हाला कुठे भेटला, तर त्याला सांगा की या वर्षी फोन करू नकोस. फुलंही पाठवू नकोस. शेजारच्या बायका फुलं बघतील आणि गाण्याबद्दल विचारतील.

आपली प्रकृती सांभाळावी. कफावर गरम पाणी घ्यावं.

कळावे,
श्रीमती व्हेल्मा टगल


अटलांटा,
२२ जून १९९७

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

आईचं पत्र आल्यापासून मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तोंड नव्हतं. श्री. ग्रॅव्हल यांस. ते पाकीट मी खिशात घेऊन फिरतो. शिव्या कमी करा म्हणते, मावशी.

व्हिडिओ मी केला नाही. त्या दिवशी सगळे थांबलेले होते, ती नटीही रंगवून बसली होती, आणि मी गेलोच नाही. कंपनीने दुसरा अल्बम थांबवलाय. माझ्याशी करार आहे म्हणून मला सोडतही नाहीत आणि काही काढतही नाहीत. मी भांडलो, दारं आपटली, त्याने काही झालं नाही.

मग मी जुन्या दोस्ताला, रॅन्डलला, फोन केला. तोच ज्याच्या गॅरेजमध्ये पहिली टेप झाली. मी मेम्फिसला येऊन गेलो, तुला न सांगता, रागावू नकोस. त्याच्या गॅरेजमध्ये चार दिवस बसून एक मिक्सटेप केली. कंपनीचा त्यात हात नाही. नाव 'ड्रायर'. त्यात सगळं खरं आहे. कोट, बाह्या, गृहपाठ, तू तेल चोळायचीस ते. रॅन्डल ती न्हाव्याच्या दुकानात आणि गाड्या धुतात तिथे वाटतोय. एक प्रत या पत्रासोबत आहे. ऐक आणि मत कळव, नेहमीसारखं, हातचं काही न राखता. आणि आईला ऐकव. एवढं कर.

तुझा,
लेथन


मेम्फिस,
१ जुलै १९९७

चि. लेथन यास,

आशीर्वाद. वि. वि.

मत मागितलंस, मग घे. चार दिवस शहरात होतास आणि आईच्या दारावरून गेलास, हे आधी मनात धरून टेप लावली, त्यामुळे माझा कान स्वच्छ नव्हता. तरी सांगते. पहिल्या बाजूला तू रडतोस. मी किती वाईट, मला किती पश्चात्ताप, माझी झोप कशी उडाली. हे ऐकताना मला बस थांबवून तुला खाली उतरवावंसं वाटलं. गुन्हा तुझा आणि गाण्यात दुःखही तुझंच. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मात्र, लाँड्रीचं, तुझ्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आहे. काचेवरचं धुकं, चुकून राहिलेल्या लोकांच्या एकेकट्या मोज्यांची ती टोपली, बायका घड्या घालता घालता नवऱ्यांना नावं ठेवतात ते. आणि आई मशीनवर हात ठेवून सांगते, की बस इथे, हे गरम आहे. त्यात तू कुणाची माफी मागत नाहीस, नुसतं सांगतोस. ते ऐकून मी बराच वेळ काही लावलं नाही. तुझ्या त्या कंपनीवाल्याला हे ऐकायला घाल आणि विचार, की यात काहीच घडत नाही का.

तुझ्या आईला टेप दिली. तिने हातात घेतली, दोन्ही बाजू बघितल्या आणि परत दिली. विचारलं, यात माझं नाव आहे का. मी म्हटलं, आहे. म्हणाली, पुन्हा न विचारता? मग म्हणाली, खोटं त्याने आधी सगळ्या गावाला सांगितलं, आता खरंही आधी गावालाच सांगतोय. माझ्या घराला दार आहे. एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी अशी घासली, की मला वाटलं कल्हई निघेल.

म्हणून ऐक. माझ्यामार्फत टेपा पाठवणं बंद. योलांडाचे दिवस भरत आलेत, मी शनिवारी डेट्रॉइटला निघते आणि ऑगस्टपर्यंत तिकडेच आहे. तू येशील तेव्हा मधे पडायला, पाणी आणून द्यायला, विषय बदलायला मी घरात नसेन. हे मी मुद्दाम केलं असं समजलास तरी चालेल. बाळ मात्र त्याच्या वेळेला येतंय, त्याला कुणी विचारलेलं नाही.

आलास तर गाडी शेजाऱ्यांच्या दारात लावू नकोस. ती तुझी मेली गाडी सगळी गल्ली हलवते.

तुझी,
अर्नेस्टीनमावशी


मेम्फिस,
२० जुलै १९९७

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. योलांडाला मुलगी झाल्याचं कळलं. दोघींना माझा आनंद सांग. हे पत्र आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरून लिहितोय. आई चर्चला गेलीय.

मागच्या सोमवारी आलो. बसने आलो, गाडी आणली नाही. दार वाजवलं तर आईने जाळीतून बघितलं, कडी काढली आणि आत निघून गेली. टेबलावर जांभळ्या सालीच्या चवळीच्या शेंगांचा ढीग होता. ती सोलायला बसली. मी उभाच. मग तिने पायाने खुर्ची सरकवली. मी पण सोलायला लागलो. बोटं जांभळी झाली. शेवटी मी बोललो. मावशी, मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, मला वाक्य जमेना. एवढंच म्हटलं, की मी खोटं बोललो, आणि तू तशी नव्हतीस हे मला सगळा वेळ माहीत होतं. आईने विचारलं, मग का. मी खरं ते सांगितलं, की ते ऐकून लोक गप्प झाले आणि मला ते आवडलं. तिने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, हे पहिलं खरं बोललास. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं मी तशी नव्हते. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. टेपेवर नाही, तोंडाने.

म्हणून मंगळवारी पोरांना न्यायच्या वेळी मी पाळणाघराच्या दारात उभा राहिलो. आई आत स्वयंपाकघराच्या दाराशी. येईल त्या प्रत्येकाला मी थांबवलं आणि सांगितलं, की मी व्हेल्मा टगलचा मुलगा, गाण्यात मी सांगितलं ते सगळं खोटं आहे, तिने कधी नशा केली नाही, मला कधी टाकलं नाही.

मला वाटलं होतं लोक माझ्यावर थुंकतील. तसं झालं असतं तर चाललं असतं. पहिला एक तरुण बाप आला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पोराच्या दूध-बाटलीच्या पिशवीवर माझी सही मागितली. एक बाई माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाली, आईला सांभाळून घेतोस, चांगला मुलगा आहेस, आमच्याकडे पण भावाचं असंच झालं होतं. मी म्हटलं, अहो, सांभाळून घेत नाहीये, असं काही घडलंच नाही. तर तिने डोळे पुसले आणि म्हणाली, देव तुझं भलं करो. ग्रिसमांची सून तर मला म्हणाली, की खोटं असतं तर इतकं मनापासून गाता आलं नसतं, ती स्वतः ते गाणं ऐकून रडलीय. मावशी, मी जितकं नाही म्हणतोय तितका त्यांच्या लेखी मी मोठा होतोय आणि आई तितकीच दोषी. मी तिथे ओरडलो. पर्विसबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, पोरं घाबरतील. आईने दारातून मला नुसती मान हलवून आत बोलावलं.

घरी येताना मी त्या लोकांना शिव्या देत होतो. काय माणसं आहेत, तोंडावर सांगितलेलं ऐकत नाहीत, तू इतकी वर्षं त्यांची पोरं वाढवलीस. आई शांतपणे चालत होती. मग म्हणाली, मी चार महिने हेच सांगतेय त्यांना, तू आज एक दिवस सांगितलंस. घरी आल्यावर मी माझ्या खोलीत जाऊन भिंतीला लाथ मारली. प्लास्टर पडलंय, दुरुस्त करतोय.

बुधवारी मी पुन्हा गेलो. गुरुवारी पण. आईने जा म्हटलं नव्हतं, जाऊ नकोस असंही म्हटलं नाही. गुरुवारी एक म्हातारे गृहस्थ नातीला न्यायला आले. त्यांनी गाणं ऐकलेलंच नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितल्यावर ते चिडून म्हणाले, की आईबद्दल असं बोलणारा पोरगा माझा असता तर मी त्याला घरात घेतलं नसतं. मग सरळ आत गेले, झोपलेल्या नातीला उचलून बाहेर आणण्याऐवजी स्वयंपाकघरात नेलं आणि आईच्या हातात दिलं. म्हणाले, मला बुटाची नाडी बांधायचीय, जरा धरा हिला. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या, मावशी. आईने त्या पोरीला धरलं. पर्विसबाई बघत होत्या, त्यांनी अडवलं नाही. बाकी काही बदललेलं नाही. आई अजून सफरचंदंच चिरते.

कंपनीचा माणूस फोन करत असतो. गाणं अजून वर चाललंय म्हणतो, मी दारात उभा राहतो हे कुठूनतरी त्याच्या कानावर गेलंय, त्याचा फोटो मिळाला तर छान होईल म्हणतो. मी फोन ठेवला. त्या गाण्याचं मी आता काही करू शकत नाही. माझं म्हातारपण आलं तरी कुठेतरी कुणीतरी आईला कोट मागत असणार. हे माझ्याच तोंडून निघालंय आणि मला ते परत घेता येत नाही. सगळ्यात जास्त राग मला याचा येतो.

आई माझ्याशी अजून नीट बोलत नाही. जेवायला वाढते, मीठ पुढे सरकवते, आणि चर्चला येतोस का असं आज विचारलंही नाही. मी उद्या पुन्हा दारात जाणार, हे मात्र तिला ठाऊक असावं. सकाळी चर्चला निघायच्या आधी तिने माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवलाय.

बाळीला तुझ्या नातीचा मान मिळो, आणि तुझ्या रागात माझ्यासाठी जागा राहो.

तुझा,
लेथन